लंगडणारा याकोब

पक्षाघातानंतर आईचा डावा पाय पूर्ववत झालाच नाही. ती घरात चालायची, पण पाय ओढत. त्यामुळे तिची चाहूल दोन टप्प्यांत लागायची: आधी काठी, मग पाय घासल्याचा आवाज. शेवटच्या दीड-पावणेदोन वर्षांत आम्ही दोघांनी मिळून जेवढे सिनेमे आणि मालिका पाहिल्या, तेवढ्या त्याआधी सबंध आयुष्यात पाहिल्या नसतील. ती उशांना टेकून, मी शेजारी खुर्चीवर, मधे स्टुलावर लॅपटॉप. इंग्रजी तिला बेताचं यायचं. अडेल तिथे मी सांगायचो, आणि माझं सांगणं पटलं नाही की ती पात्राच्या तोंडाकडे बघून स्वतःच दुरुस्ती करायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

येशूच्या आयुष्यावरच्या 'द चोझन' या मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधला एक प्रसंग आहे. येशू बारा शिष्यांच्या जोड्या लावून त्यांना गावोगाव पाठवणार असतो. रोग बरे करायचा अधिकारही त्याने त्यांना नुकताच दिलेला असतो. सगळे भारावलेले आणि थोडे घाबरलेलेही. धाकटा याकोब तेवढा मागे रेंगाळतो. हा याकोब लंगडा आहे. ते काम करणाऱ्या जॉर्डन वॉकर रॉसला सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे ते लंगडणं अभिनयातलं नाही. तो चाचरत विचारतो की तुम्ही मला लोकांना बरं करायला पाठवताय, आणि मी हा असा. मला का नाही बरं केलंत?

"थांबव," आई म्हणाली.

मला वाटलं, पाणी हवं असेल. तर म्हणे, "काय उत्तर देतो ते मला आधी ओळखू दे." मिनिटभर विचार करून म्हणाली, "सांगेल, तुझा विश्वास कमी पडला. लाव पुढे."

येशू तसं काही म्हणाला नाही. माझा तुझ्यावर भरवसा आहे म्हणून, असं म्हणाला. बरं झाल्याच्या गोष्टी पुष्कळ जण सांगतील, पण बरं न होता देवाची स्तुती करणारा माणूस जे सांगेल ते वेगळंच असेल, असा त्याच्या बोलण्याचा रोख. आणि शेवटी, अजून थोडं धीर धर.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मला कोणी म्हटलं नाही."

तिला काय काय म्हटलं गेलं होतं, ते मी त्याच खोलीत बसून ऐकलेलं होतं. येणारी माणसं वाईट नव्हती. उलट वेळ काढून यायची, फळं आणायची, हात धरून प्रार्थना करायची. कपाळाला तेल लावूनही प्रार्थना झाली, शास्त्रात सांगितलंय तशी. ते वचनही याकोबाच्याच पत्रातलं, अर्थात हा याकोब निराळा. पण सहाव्या-सातव्या महिन्यात पाय तसाच राहिल्यावर प्रार्थनांचा सूर बदलला. आधी देवाला उद्देशून असलेली वाक्यं हळूहळू आईला उद्देशून यायला लागली. मनात काही अढी आहे का बघा. कोणाला क्षमा करायची राहिलीय का? पूर्ण शरण गेलात का? एका बाईंनी तर आपल्या चुलतभावाची अशी साक्ष सांगितली की तो चाकाच्या खुर्चीतून उठून धावला होता. ती सांगून झाल्यावर त्या आईच्या पायाकडे अशा बघत राहिल्या, जणू पायाने आता मनावर घ्यावं.

त्या प्रसंगाबद्दल माझं आणि आईचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मला तो निम्माच आवडला. याकोबाचा प्रश्न अस्सल आहे. येशूचं उत्तर मात्र लांबलंय, आणि ऐकता ऐकता ते समजूत घालण्याच्या बाजूला झुकतं. येशू झालेल्या जोनाथन रूमीचा चेहरा जे करत होता तेवढ्यावर थांबायला हवं होतं असं मला वाटतं. या मालिकेची ही खोडच आहे. तिला रिकामी जागा सोसत नाही. आईचं म्हणणं, "तुला कारण ऐकायचं नव्हतं, कारण तुझा पाय चालतोय. मला ऐकायचं होतं."

पुढे एक गंमत माझ्या लक्षात आली. इंग्रजीत या शिष्याचं नाव जेम्स आणि उत्पत्तीतल्या इसहाकाच्या मुलाचं नाव जेकब. दोन वेगळी नावं, त्यामुळे इंग्रजी ऐकणाऱ्याच्या कानात काहीच वाजत नाही. आपल्या पवित्र शास्त्रात दोघेही याकोब. आणि तो पहिला याकोब तर लंगडण्यासाठीच प्रसिद्ध. यब्बोक नदीच्या उताराशी रात्रभर कोणाशी तरी झुंजला, पहाटे मांडीचा सांधा निखळला, "आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही" म्हणून अडून बसला. आशीर्वाद मिळाला, नवं नावही मिळालं, आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. शास्त्र सांगतं तेवढंच. पाय पुढे बरा झाला असं कुठेही नाही. मालिका करणाऱ्यांच्या मनात ही जोडणी होती की नाही, कोण जाणे. मराठीत ती आपोआप होते.

तेव्हापासून देवाधर्माचं काहीही पाहताना किंवा वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं. या गोष्टीत बरा न होणारा कोणी आहे का, आणि असला तर गोष्ट त्याचं काय करते?

बहुतेक श्रद्धापटांमध्ये तो नसतोच. एक कुटुंब, एक अपघात, एक आयसीयू, हरलेला डॉक्टर, प्रार्थनेची रात्र, आणि मग मॉनिटरवरची रेषा हलते. शेवटी खऱ्या कुटुंबाचे फोटो येतात, हसरे, बागेत काढलेले. मला त्या कुटुंबांचा आनंद खोटा वाटत नाही. पण त्याच आयसीयूत शेजारच्या खाटेवर कोणीतरी असणारच, आणि तिथेही प्रार्थना झालीच असणार. कॅमेरा त्या खाटेकडे एकदाही वळत नाही. वळला असता तर सिनेमा पाऊण तास लांबला असता आणि तिकिटं कमी खपली असती.

पुस्तकांतही हेच चालतं. स्वर्गात जाऊन परत आलेल्यांच्या पुस्तकांची एक लाट मधे आली होती. त्यातलं 'द बॉय हू केम बॅक फ्रॉम हेवन' 2010 साली निघालं आणि भरपूर खपलं. मोटार अपघातात जखमी झालेल्या एका लहान मुलाने स्वर्ग पाहिला, अशी ती गोष्ट. 2015 मध्ये त्या मुलानेच जाहीर पत्र लिहून कळवलं की मी मेलो नव्हतो, स्वर्गातही गेलो नव्हतो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. यात मला टोचत राहते ती वेगळीच बाब. अपघातात त्या मुलाच्या मणक्याला इजा झाली होती आणि त्याचं अंग लुळं पडलं, ते तसंच राहिलं. खरी गोष्ट तीच होती. ती कोणालाच नको होती, म्हणून स्वर्गाची रचावी लागली.

'मिडनाइट मास' ही 2021 ची मालिका आईने बघावी असं मला अजिबात वाटत नव्हतं, कारण ती भयकथा आहे. पण फादर आहेत म्हटल्यावर तिने हट्टच धरला. एका बेटावर नवा फादर येतो आणि चमत्कार व्हायला लागतात. बंदुकीची चुकार गोळी लागून कंबरेखाली लुळी झालेली लीझा नावाची मुलगी चाकाच्या खुर्चीवरून उठते आणि प्रभुभोजन घ्यायला चालत येते. पडद्यावरचं सगळं चर्च रडतं. आपणही रडतो. आणि मग माइक फ्लॅनगन दिग्दर्शक म्हणून आपल्या पायाखालची सतरंजी ओढतो, कारण हे आरोग्य कुठून आलंय ते कळतं. (पाहिली नसेल तर सांगत नाही.) चमत्कार मागताना आपण तो पाठवणाऱ्याचा पत्ता विचारत नाही, हे इतकं थंडपणे सांगणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

पण त्यातला मोठा प्रसंग चालण्याचा नव्हेच. पायावर उभी राहिल्यावर लीझा त्या दारुड्याच्या घरी जाते, ज्याच्या बंदुकीतून ती गोळी सुटली होती. त्याने तिचं काय काय हिरावून घेतलं ते एकेक करून सांगते. द्वेष करते हे सांगते. आणि मग क्षमा करते, रडत, संतापत, एकही गोड शब्द न वापरता. आई म्हणाली, "ही क्षमा खुर्चीत बसून केली असती तर?" मी काय बोलणार. मालिका लिहिणाऱ्यालाही हा प्रश्न पडला असावा असं मला वाटत नाही.

'द चोझन'चा चौथा सीझन 2024 मध्ये आला. तोवर आई गेली होती.

मी तो एकट्याने पाहिला, एका दमात नव्हे, आठवडे घालवत. त्यात रामा मरते. रामा हे शास्त्रात नसलेलं, मालिकेने घातलेलं पात्र: थोमाची वाग्दत्त वधू. तिसऱ्या भागात एका रोमी अधिकाऱ्याच्या हातून ती भोसकली जाते आणि थोमा तिला मांडीवर घेऊन येशूला विनवतो. मेलेल्यांना उठवायची त्याची ताकद याआधी दिसलेली असते. तो रामाला उठवत नाही. पुढे काही भागांनी तो लाजराला मात्र कबरेतून हाक मारतो, लाजर बाहेर येतो, लोक आनंदाने वेडे होतात, आणि कॅमेरा थोमाकडे वळतो. इथे मात्र कॅमेऱ्याला शेजारची खाट दिसली.

पुष्कळ प्रेक्षक यावर चिडले. शास्त्रात नसलेली बाई घालायची आणि वर तिला मारायचं, हा आगाऊपणा झाला असं त्यांचं म्हणणं. मला ही मालिकेने घेतलेली सर्वांत धीट उडी वाटते. दोन हजार वर्षं आपण थोमाला 'संशयी' म्हणत आलो, जणू त्याचा संशय म्हणजे बुद्धीची खाज होती. इथे त्याला कारण मिळालं. "त्याच्या हातातल्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही" असं योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा म्हणतो. आता ते वाक्य वाचताना मला वाटतं की त्याला चमत्काराचा पुरावा नकोच होता; चमत्कार त्याने ढीगभर पाहिले होते. त्याला जखम पाहायची होती. आणि येशू त्याला जखम दाखवतो. मरणातून उठलेलं शरीर, भिंती-दारं ओलांडणारं, पण जखमा मिटलेल्या नाहीत. बुजवता आल्या नसत्या का?

हे आईला सांगायचं राहिलं. तिने बहुधा "मग?" म्हटलं असतं.

'कॉन्क्लेव्ह'बद्दल थोडक्यात सांगतो. 2024 चा हा सिनेमा एडवर्ड बर्गरने फार देखणा केला आहे: लाल झगे, संगमरवर, बंद दारांआडची कुजबुज. रेफ फाइन्सचा कार्डिनल लॉरेन्स प्रार्थनाच जमेनाशी झालेला माणूस आहे आणि नेमकी त्याच्यावरच नव्या पोपची निवडणूक पार पाडायची जबाबदारी येते. सगळ्या पापांत मला खात्रीची भीती जास्त वाटते, असं तो प्रवचनात म्हणतो, ते भाषण गाजलं आणि गाजायलाच हवं. पण सिनेमा स्वतः फार खात्रीने चालतो. प्रत्येक उमेदवाराचं पितळ वेळापत्रकानुसार उघडं पडतं, आणि शेवटचा धक्का विचार करायला लावण्यापेक्षा टाळी घ्यायला ठेवलेला वाटतो. लॉरेन्सची हरवलेली प्रार्थना कुठे गेली? तिचं पुढे काय झालं ते मला बघायचं होतं. पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 ला गेले आणि हा सिनेमा पुन्हा घराघरात लागला, तेव्हा मीही परत पाहिला. मत बदललं नाही. फाइन्सच्या श्वासाचा आवाज मात्र दुसऱ्या वेळी जास्त ऐकू आला.

याउलट, जिथे मी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती तिथे सापडलं. रायन जॉन्सनचा 'वेक अप डेड मॅन' हा 2025 चा सिनेमा निव्वळ खुनाचा उलगडा म्हणून लावला होता. जोश ओकॉनर त्यात तरुण फादर आहे, पूर्वीचा मुष्टियोद्धा, ज्याच्या हातून रिंगणात एक माणूस मेलेला आहे. खुनाचा संशय त्याच्यावरच आहे आणि एक नास्तिक गुप्तहेर त्याला बरोबर घेऊन तपास करतोय. तपासाच्या ऐन रंगात एका कंपनीला फोन लावून एक माहिती विचारायची असते. पलीकडची बाई, लुईस, भयंकर बडबडी. फादर आणि गुप्तहेर दोघे वैतागतात, आपणही हसतो. मग ती बाई थांबते, आणि विचारते, माझ्यासाठी प्रार्थना कराल का? तिची आई मरणपंथाला लागलेली असते, आणि दोघींमध्ये भांडण झालेलं असतं.

तिथे ओकॉनरचा चेहरा बदलतो. आपण कोण आहोत हे त्याला एकदम आठवतं. तो तपास, खून, गुप्तहेर सगळं सोडून फोन घेऊन बाजूला जातो आणि तिच्याबरोबर बसतो. फोनवरच, पण बसतो. तो तिला कारण सांगत नाही, आई बरी होईल असंही म्हणत नाही. रहस्यकथेचं सगळं यंत्र एका अनोळखी बाईसाठी बंद पडतं आणि गुप्तहेर वाट बघत राहतो. खून कोणी केला ते मी आता अर्धवट विसरलोय. तो फोन विसरणं शक्य नाही. आईच्या खोलीत येऊन गेलेल्यांत एक म्हातारे पाळक होते, ते अर्धा तास नुसते बसायचे, एक स्तोत्र वाचायचे आणि जायचे. आई त्यांची वाट बघायची.

पुस्तकांकडे वळतो. घरात त्या काळात भेट म्हणून आलेल्या ख्रिस्ती पुस्तकांची चळत झाली होती, बहुतेकांच्या मुखपृष्ठावर सूर्योदय. त्यांतली तीन-चार मी आईला वाचून दाखवायचा प्रयत्न केला. मग तिने हात वर केला.

त्यानंतर मी स्वतःहून आणलेलं पहिलं पुस्तक केट बोलरचं. 2018 साली आलेलं. त्याच्या नावातच टोला आहे: प्रत्येक गोष्टीमागे काही कारण असतं, आणि मला प्रिय असलेल्या इतर थापा. बोलर धर्माच्या इतिहासाच्या प्राध्यापक. विश्वास ठेवा, आरोग्य आणि पैसा मिळेल, असं शिकवणाऱ्या अमेरिकन पंथाचा इतिहास त्यांनी आधीच लिहिला होता. मग पस्तिसाव्या वर्षी त्यांना आतड्याचा कर्करोग निघाला, चौथ्या टप्प्यातला. ज्यांचा अभ्यास केला त्यांचीच वाक्यं आता स्वतःच्या दारात. एक शेजारीण दारात येऊन नवऱ्याला म्हणते की प्रत्येक गोष्टीमागे कारण असतं. तो म्हणतो, ते ऐकायला आवडेल मला. ती गडबडते. माझी बायको का मरतेय त्याचं कारण, तो म्हणतो.

हे मी मराठीत सांगत गेलो तेव्हा आई इतकी हसली की ठसका लागला. या पुस्तकात राग आहे, पण कडवटपणा नाही, आणि आपल्याला हसवणाऱ्या या बाईंचा देवावरचा विश्वास सुटलेला नाही, हे त्यातलं मला सर्वांत कठीण आणि सर्वांत खरं वाटलेलं.

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांची दोन पुस्तकं मात्र मी एकट्याने, नंतर, लागोपाठ वाचली. 1940 चं 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' दुःखाचा प्रश्न सोडवतं, चांगल्या वकिलासारखं. 1960 मध्ये त्यांची पत्नी गेली आणि 1961 मध्ये 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' आलं, तेही टोपणनावाने. त्यात हाच माणूस म्हणतो की गरज असते तेव्हा देवाच्या दाराशी जावं तर दार तोंडावर आपटतं आणि आतून कड्या लावल्याचा आवाज येतो. पहिलं पुस्तक चुकीचं नाही. पण दुसरं हातात असताना मला पहिल्याकडे परत जाववत नाही.

हिटलरला विरोध करणाऱ्या डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकावर 2024 मध्ये सिनेमा आला, त्याच्या जाहिरातीत त्याच्या हातात पिस्तूल दिलेलं आणि नावातच 'मारेकरी'. बॉनहोफरच्या भावंडांच्या वंशजांनी आणि अभ्यासकांनी त्याच्या अशा वापराला जाहीर आक्षेप घेतला. मी सिनेमा पाहिला, आणि पिस्तुलापेक्षा मला खटकला तो त्यातला ठामपणा. तुरुंगात असताना, 1944 मध्ये, या माणसाने 'मी कोण?' अशी कविता लिहिली आहे. लोकांना मी कोठडीतून शांत, हसतमुख बाहेर येताना दिसतो. आत मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा तळमळतोय. यातला खरा कोणता? 9 एप्रिल 1945 ला त्याला फाशी दिलं. हा प्रश्न घेऊन चालणारा नायक सिनेमाला पेलला नसता, म्हणून बहुधा पिस्तूल.

आईला स्वतःला विचारलं असतं तर तिने या सगळ्यांच्या आधी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवली असती. ते ख्रिस्ती पुस्तक आहे हे वाचताना ध्यानातही राहत नाही. बाई कुठेही साक्ष देत नाहीत. आपली फजिती, आपले रुसवे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा सांगत जातात, आणि विश्वास त्यातून वाट काढत येतो. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांना प्रकाश वगैरे दिसला नाही, आभाळ कोसळलं, आणि तसंच त्यांनी लिहिलं. नवऱ्याच्या वाटेने जायला त्यांना काही वर्षं लागली. आईची प्रत कव्हर निघालेली, मधली पानं सुटी झालेली आहे.

त्याच प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मला परवा तिचं अक्षर सापडलं. बोलरच्या पुस्तकाच्या शेवटी दुःखात असलेल्या माणसाला काय बोलू नये याची यादी आहे. ती ऐकल्यावर आई म्हणाली होती, माझी मी करते. केलेली दिसते. वाकडंतिकडं, पण वाचता येतं:

'देवाची योजना म्हणू नये. आपल्या चुलतभावाचं सांगू नये. पायाकडे बघू नये. बसावं. आल्यावर पंखा बंद करू नये, मला उकडतं.'